सत्तावीस इंचांच्या बाहेर

११ नोव्हेंबर

मॉनिटर आला. सत्तावीस इंच, किंचित आत वळलेली काच. दिवाळीचा बोनस झाला त्याच दिवशी मागवला होता आणि तेव्हापासून पार्सल कुठवर आलं तेच मोबाइलवर बघत होतो. शिरोलीला आमच्या फाउंड्रीच्या ड्रॉइंग विभागात मी ज्याच्यासमोर दिवसभर बसतो, त्याला मॉनिटर म्हणणं पाप आहे. आईने खोक्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ह्यो दुसरा टीव्ही कशाला रं?" टीव्ही नाही म्हणालो. "दिसतोय की टीव्हीगतच," म्हणून ती भाकऱ्या थापायला गेली.

आमची चौघांची टोळी आहे, नाव 'पंचगंगा'. कप्तान सार्थक, त्याचं राजारामपुरीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. बाकीचे दोघं इचलकरंजीचे. त्यांचे आवाज मला पाठ आहेत, तोंडं बघितलेली नाहीत. रोज जेवणाआधी तासभर चौघं आपापल्या जागेवरून ऑनलाइन गेमच्या एकाच मैदानात उतरतो आणि समोरच्या चौघांना टिपतो. फेब्रुवारीत सांगलीला स्पर्धा आहे. दिवाळीआधी आम्ही बरेच हरलो आणि प्रत्येक वेळी पहिला मेलो तो मी. सार्थक म्हणाला, "सम्राट, कशानं मेलास ते रोज लिवून ठेव. कारण सापडंल." म्हणून ही वही. एरवी मी हाताने फक्त सही करतो.

आजचं कारण: मॉनिटर नवीन, सवय नाही.

१५ नोव्हेंबर

पुन्हा मला कडेनेच मारलं. समोर आलेला एकही गडी माझ्या हातून सुटत नाही, ही गोष्ट सार्थकही मान्य करतो. पण डावी-उजवीकडून कोणीतरी उगवतो आणि खेळ संपतो. उगवतो म्हणजे अक्षरशः उगवतो, आधी तिथे काहीच नसतं.

मॉनिटर फार मोठा झाला हेच खरं कारण. वाचून बघितलं, तर पट्टीचे खेळाडू चोवीस इंचांच्या वर जातच नाहीत म्हणे. टेबल भिंतीपर्यंत मागे सरकवून लांबून खेळलो, तर लगेच बरं वाटलं. उद्या ज्यांच्याकडून मागवला त्यांच्याशी बोलून बदलून घेतो. सार्थकला सांगितलं तर तो हसला. "नाचता येईना अंगण वाकडं," म्हणाला. त्याचं बरं आहे, तो दुकानातल्या उधारीच्या खुर्चीवर बसूनही जिंकतो.

२४ नोव्हेंबर

आईला घेऊन गारगोटीला मामांकडे जाऊन आलो. आईला आता एकच विषय आहे, माझं आणि अक्षताचं लग्न. मामाची मुलगी म्हटल्यावर आमच्यात फार विचारायचं नसतं. माझे वडील म्हणजेही आईच्या आत्याचाच मुलगा. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. आईचं म्हणणं, "म्हायेरची वाट चालू ऱ्हाती."

पिराजी मामांचं घर हे एक प्रकरण आहे. मागच्या दारापासून गोठ्यापर्यंत दोरी बांधलेली. दिवस मावळला की मामा दोरीला हात लावून धारेला जातात. घरातली कुठलीही वस्तू जागची हलत नाही. पाट, चप्पल, बादली, सगळं वर्षानुवर्षं तिथेच. आणि त्या घरात माणूस खोलीत शिरताना "मी आलो" असं बोलून शिरतो, मग तो मामा असो, मामी असो की अक्षता; आमच्याकडे बायकाही 'आलो'च म्हणतात. मामांना रातांधळं आहे; आईच्या वडिलांना, आण्णांनाही, होतं. हल्ली दिवसासुद्धा मामा माणूस आवाजावरून ओळखतात. याला आजार वगैरे कोणी म्हणत नाही. कोणाच्या घरात टक्कल असतं, यांच्यात हे आहे.

अक्षता तिथल्याच एका मेडिकल दुकानात काम करते, फार्मसी शिकलेली आहे. आज तिच्यामुळे माझी शोभा झाली. 'मी आलो' न म्हणता मांजरासारखी बिनआवाज येऊन पाण्याचा तांब्या पुढे करून उभी राहिली. मी मामांशी बोलत होतो. आईने कोपर मारलं तेव्हा मान वळवली, तर ही तिथेच. किती वेळ उभी होती कोण जाणे. तांब्या दिला आणि माझ्याकडे असं बघत राहिली जसं मी काहीतरी चोरलं आहे. दिसायला बरी आहे. हसते तेव्हा आणखी बरी दिसते. आज हसली नाही.

आई चारलाच निघू म्हणून मागे लागली. मलाही संध्याकाळची गाडी चालवायला आवडत नाही. हल्ली समोरच्यांचे दिवे फार पांढरे झालेत.

४ डिसेंबर

दोन खरेद्या. एक, नवा हेडसेट. आवाज कोणत्या बाजूने आला ते यात अचूक कळतं. मागे कोणी पाऊल टाकलं तरी मानेवर आल्यासारखं वाटतं. काल रात्री जेवणाआधी तीन सामने खेळलो आणि तिन्ही जिंकलो. मी जवळजवळ कानांनीच खेळलो. सार्थक म्हणाला, "आता कसा वळायलाईस बघ की." दुसरी खरेदी म्हणजे मोटारसायकलला जादा दिवे. आता उचगावच्या रस्त्यावर मी आलो की समोरचा बाजूला होतो. हौसेला मोल नाही.

आई दर बुधवारी आणि रविवारी बकऱ्याचं काळीज आणते. मधल्या दिवसांत शेवग्याचा पाला आणि गाजरं. लग्नाआधी पोरगा भरला पाहिजे असं तिच्या मनात असणार. काळीज मला आवडतं, त्यामुळे माझी तक्रार नाही.

१८ डिसेंबर

बरेच दिवस वही हातात घेतली नाही. घ्यावीशी वाटली नाही.

रविवारी गारगोटीहून येताना उशीर झाला. मामींनी जेवायला बसवून ठेवलं होतं. मुदाळ तिट्ट्याच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, काही नाही. मी मागच्या ट्रॉलीच्या कोपऱ्याला घासलो. मी उसावर पडलो, मला खरचटलं. आई रस्त्यावर पडली. तिचा उजवा हात मनगटाच्या वर मोडला.

ट्रॅक्टरवाला धावत आला. आजूबाजूच्या लोकांनी त्यालाच धरला, मीही वाटेल ते बोललो. तो एकच सांगत होता, "पावणं, मागनं धा गाड्या गेल्या की हितनं." लोकांनी त्याला गप्प केलं. या हंगामात रोज कोणी ना कोणी अशा ट्रॉल्यांवर जाऊन आदळतो, पेपरात येतं. चूक त्याची होती.

आई दवाखान्यात रडली नाही. प्लास्टर घालताना मला म्हणाली, "तुला लागलं न्हाय न्हवं?" परत एकदा म्हणाली. मी चिडून सांगितलं की लागलेलं नाही. आता वाईट वाटतं.

२१ डिसेंबर

हेल्मेटवर बसवायचा कॅमेरा घेतला. पुढे कोणी असा वागला तर आपल्याकडे पुरावा पाहिजे. काडेपेटीएवढं यंत्र, पण चित्र इतकं स्वच्छ की समोरच्या गाडीची नंबरप्लेट वाचता येते. खूप दिवसांनी काहीतरी उघडताना आनंद झाला, मग आईच्या प्लास्टरकडे बघून ओशाळलो.

आईला एका हाताने काही जमत नाही म्हणून मामांनी अक्षताला पाठवलं आहे. तिने दुकानातून रजा काढली. ती आली आणि पहिल्या तासात घरातल्या खुर्च्या भिंतीला लावल्या, दारातली पायपुसणी उचलली आणि माझ्या खोलीतल्या वायरी टेबलाच्या पायाला बांधून टाकल्या. विचारलं तर म्हणाली, "पायात येत्यात." मला राग यायला हवा होता. वायरी मला महिनाभर बांधायच्याच होत्या.

२७ डिसेंबर

आज कंपनीत जातानाचं चित्रीकरण अक्षताला दाखवलं. कॅमेरा किती भारी आहे ते दाखवायचं होतं. ती स्टुलावर बसून चहा पीत बघत होती. तावडे हॉटेलच्या चौकाआधी तिने मला थांबवायला सांगितलं.

"ही सायकलवाली तुला दिसली न्हवती?"

डावीकडून सायकलवर शाळेची मुलगी येत होती. तिने ब्रेक लावला, पाय टेकवला, आणि मी सरळ तिच्या पुढून गेलो. चित्रात तिचं तोंड उघडं दिसतं. मला सकाळची ती मुलगी आठवत नाही. पुढे एक म्हातारा रस्ता ओलांडायला निघून मागे सरला, एक कुत्रं उजवीकडून आलं आणि वाचलं. त्यातलं मला काही आठवत नाही.

मी तिला समजावलं, की या कॅमेऱ्याचं भिंग रुंद असतं, माणसाच्या डोळ्याला दिसत नाही इतकं कडेचं त्याला दिसतं. खरोखरच तसं असतं, खोक्यावरच लिहिलंय. ती कप विसळायला गेली आणि बराच वेळ नळ चालू होता.

२ जानेवारी

नव्या वर्षाची सुरुवात भांडणाने. मी खेळत होतो. अक्षता डाव्या बाजूला येऊन उभी राहिली म्हणे. हातात दुधाचा पेला. माझ्या खांद्यापासून हातभर अंतरावर तिने तो धरला होता आणि वर-खाली हलवत होती. मला कळलं ते आईच्या आवाजाने. आई दारातून म्हणाली, "नगं अक्षता. नगं बाई." मी वळलो तर पेला.

मी भडकलो. माझी सर्कस करता का, म्हणालो. अक्षता तशीच उभी. "सम्या, तू डोळं तपासून घे," म्हणाली. आई म्हणाली, "तेला काय हुतंय? अशक्तपणा हाय नुसता." आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, जसं मी तिथे नव्हतोच.

मला ड्रॉइंगमधली केसाएवढी चूक दिसते. अख्ख्या विभागात कोणाला दिसत नाही ती मला दिसते. हे लिहून ठेवतो.

आईनेही हल्ली नवीन खूळ काढलंय. माझ्या खोलीत येताना "मी आलो रं" म्हणून येते. आपल्याच घरात.

६ जानेवारी

चष्म्याच्या दुकानात जाऊन आलो. सगळ्यात खालची ओळ न अडखळता वाचली. नंबर शून्य. तसा कागद घेऊन आलो आणि अक्षतासमोर ठेवला. तिने वाचला. "मधलं चांगलंच असतंय. बाबांचं बी लई वर्सं चांगलं हुतं. दिव्यांची तपासणी असती बग एक, ती कर," म्हणाली. "माझ्यासाठी कर."

ती उद्या परत जाणार आहे. घर फार शांत होईल.

सार्थकचा फोन आला. सांगलीला माझ्या जागी दुसरा घेतलाय. त्याने गोड बोलून सांगितलं, मीही गोड बोललो. फोन ठेवल्यावर नवीन माऊसची जाहिरात बघत बसलो. मागवला नाही.

१३ जानेवारी

डोळ्यांच्या दवाखान्यात बसून लिहितोय. डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, वेळ आहे. आई शेजारी बसून प्लास्टरवरचा धागा ओढते आहे.

ती दिव्यांची तपासणी झाली. हा तर सरळसरळ खेळच निघाला. मोठ्या पांढऱ्या वाडग्यात हनुवटी टेकवून बसायचं, एक डोळा झाकलेला, हातात एक बटण. नजर मधल्या पिवळ्या ठिपक्यावर. वाडग्यात कुठेही बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. तपासणी करणाऱ्या ताईंनी सांगितलं, "इकडं तिकडं बघायचं न्हाई हं, मध्येच बघायचं." माझ्यासारख्याला हे सांगायची गरज नव्हती. बटणावर माझा अंगठा गेली पंधरा वर्षं आहे. एकदाही उगीच दाबलं नाही, एकदाही उशीर केला नाही.

यंत्र मात्र जुनं असावं. मध्ये मध्ये बराच वेळ दिवाच लागत नव्हता. नुसती घरघर. मी तयारीत बसून वाट बघायचो, मग एकदम मध्याजवळ एखादा चमकायचा. ताईंनी दोनदा थांबवून विचारलं, "दमला का? डोळा मिटला न्हाई न्हवं?" मी म्हणालो, मी ठीक आहे, तुमचं यंत्र अडकतंय. त्यांनी परत सुरू केलं. दुसऱ्या डोळ्याला तेच.

बोलावलं.

१३ जानेवारी, घरी

दिवे थांबले नव्हते. सगळा वेळ लागत होते, सगळीकडे लागत होते.

१५ जानेवारी

कालची संक्रांत आमच्याकडे झाली नाही.

डॉक्टरांनी कागद दाखवला. एक वर्तुळ, सगळं काळं, मध्ये थोडी पांढरी जागा. ती पांढरी जागा म्हणजे मी जे बघतो ते. ते म्हणाले, हे कडेकडून सुरू होतं, फार हळू, त्यामुळे माणसाला कळत नाही. जिथे दिसत नाही तिथे काळं दिसत नाही, तिथे काहीच नसतं. मी म्हणालो, उगवतात. ते म्हणाले, काय? मी म्हणालो, काही नाही. औषध नाही. मधलं किती वर्षं राहील ते सांगता येत नाही. काहींचं बरीच वर्षं राहतं. मोटारसायकल आजपासून बंद. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाला आहे का? आई-वडील नात्यातले का? आई खाली बघून म्हणाली, "आत्तंमामंभावंडं."

त्या ट्रॅक्टरवाल्याचं तोंड डोळ्यांसमोरून जात नाही. धा गाड्या गेल्या म्हणत होता. त्याचं नावही मला माहीत नाही.

१८ जानेवारी

आईशी बोललो. तिला विचारलं, तुला कधीपासून कळलं होतं?

"दिवाळीत तुळशीम्होरची पणती लाथाडलीस तवा," म्हणाली. "त्याच्या आदीबी संशेव हुता."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय दिसाय लागनार हुतं व्हय? आमचं आण्णा तसंच जगलं. पिराजी जगतोय. झाकली मूठ सव्वा लाखाची." मग म्हणाली, "म्हनून तर अक्षतासाठी मागं लागलोया. भायेरची पोरगी नांदंल काय रं? उद्या सोडून जाईल. ही त्या घरात वाडल्या. हिला काय शिकवावं लागत न्हाय. खुर्ची कुटं ठिवायची ते तिला म्हाईत हाय."

आईच्या हाताचं प्लास्टर अजून आहे. तो हात मी मोडला, आणि ती मोडलेल्या हाताने माझ्यासाठी काळीज साफ करत होती. तिच्यावर ओरडावं म्हणून बसलो होतो, जमलं नाही.

खरं सांगायचं तर तिची गोष्ट मला पटलीसुद्धा. रात्रभर पटली. अक्षता घरात असेल, वायरी बांधलेल्या असतील. मी कितीही आंधळा झालो तरी ती मला कधी केविलवाणं करणार नाही. मला ती हवी आहे. हे मी आधी कुठे लिहिलेलं नाही, कारण मला वाटत होतं की आईला ती हवी आहे.

२३ जानेवारी

अक्षता आज दुकानाचा माल न्यायला कोल्हापूरला आली होती, दुपारी घरी आली. गच्चीवर बोललो. मी तिला कागद दाखवला. ती बघून म्हणाली, "मला वाटलंच हुतं. खरं वाटणं येगळं आणि कागद येगळा."

मग तिने सांगितलं. मागच्या वर्षी ती मामांना घेऊन दवाखान्यात गेली होती, तेव्हा डॉक्टरांनी तिला समजावलं होतं. आई आणि बाप दोघांकडून आलं तरच हे वर येतं. एकाकडूनच आलं तर माणसाला काही होत नाही, पण आत राहतं. तिच्यात ते मामांकडून आलेलं आहेच. "माझ्यात लपलंय, तुझ्यात वर आलंय," ती म्हणाली. "आपण दोघं झालो तर पोरांतल्या निम्म्यांना. एखाद्याला न्हाई तर सगळ्यांना बी. मी बाबांची दोरी ल्हानपणापासनं बघतोय सम्राट. मी माझ्या पोराला बांधून द्यायची का?"

मी विचारलं, "आणि तसं नसतं तर?"

ती बराच वेळ कठड्यावरचा चुना नखाने काढत राहिली. "तसं हाय की पण," म्हणाली.

तिने मामांना सगळं सांगून बघितलं होतं. मामा म्हणाले, ज्याच्या घरात हाय त्यालाच त्याची किंमत कळती; बहिणीच्या पोराला आमी न्हाय तर कोन दिनार? त्यांना त्यात काही वावगं दिसतच नाही. मामा त्या डोळ्यांनी जगले, संसार केला, म्हशी राखल्या. माझ्या दुखण्यामुळे लग्न मोडायचं म्हणजे मामांचं आयुष्य मोडीत काढण्यासारखं आहे, आणि अक्षता ते त्यांच्या तोंडावर कसं म्हणणार? तिने नकार दिला तर आई आणि मामा कायमचे तुटतात, आणि दोष तिच्या माथी. सत्तावीसला सुपारी फोडायचं ठरलंय. ती म्हणाली, "तू काय कर म्हणून सांगायला मी आलो न्हाई. तुला म्हाईत असावं एवढंच."

जिना उतरताना तिने माझा हात धरला नाही. पुढे चालली आणि प्रत्येक पायरीवर पाय जरा वाजवून टाकत गेली.

२५ जानेवारी

कॅमेरा विकला. मोटारसायकलला गिऱ्हाईक बघायला सार्थकला सांगितलं, आणि का ते पण सांगितलं. तो म्हणाला, येतो. आला, आणि खेळाचं काहीही न बोलता तासभर बसला. मग म्हणाला, "कवा यायचं दवाखान्यात तवा सांग, दुकान बंद ठेवतो."

दोन दिवस एकच विचार करतोय. मामांना खरं सांगून उपयोग नाही. खरं त्यांना आधीच माहीत आहे आणि ते त्यांना चालतं. त्यांना न चालणारं काहीतरी सांगितलं पाहिजे.

२७ जानेवारी

गारगोटीला एसटीने गेलो. आईने प्लास्टरच्या हातावर नवी साडी सावरत सगळ्या वाटेत मामांच्या लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या. ती इतकी खूश मी वडील गेल्यापासून बघितली नव्हती.

सोप्यात सतरंजी घातली होती. भावकीतली चार माणसं, मध्ये ताटात सुपारी, खोबरं, हळदीकुंकू. मामांनी फेटा बांधला होता. माझा आवाज आला तिकडे तोंड करून ते हसले. "ये जावईबापू," म्हणाले, आणि सगळे हसले.

अडकित्ता पुढे आला तेव्हा मी म्हणालो, "मामा, मला हे लग्न करायचं नाही."

पहिल्यांदा कोणाला ऐकूच आलं नसावं. मी परत म्हणालो. मामांनी शांतपणे विचारलं, "पोरीत काय खोट हाय?"

मी ठरवलं होतं तेच बोललो. म्हणालो, मला पुण्या-मुंबईची पाहिजे, मोठ्या कंपनीतली, इंग्लिश बोलणारी. गावातल्या मेडिकलमध्ये बसणारी नको. माझ्या मित्रांत शोभली पाहिजे. वाक्यं मी घरी म्हणून बघितली होती, ती ओळीने बाहेर आली. कोणालाही शंका आली नाही. कशी येईल? मी त्यांचा भाचा, हातात नवा मोबाइल, कानात नवं काहीतरी घालून येणारा. मला वाटलं होतं की थोडं तरी खोटं वाटेल.

आई उठून माझ्यासमोर आली आणि डाव्या हाताने थोबाडीत मारली. मग तिथेच खाली बसली.

मामांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. म्हणाले, "तुला समदं नवंच लागतंय. फोन नवा, टीव्ही नवा. बायकू बी नव्या मॉडेलची पायजे व्हय?"

मी हो म्हणालो.

"जावा मग," मामा म्हणाले. "शालूबाई, तू बी जा. परत ह्या दारात दोगं बी येऊ नगासा." आईला त्यांनी नावाने हाक मारलेली मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. ते उठले, भिंत धरून मागच्या दाराकडे गेले. भरदुपार होती तरी भिंत धरावी लागली. भावकीतल्या एकाने सुपारीचं ताट आत नेलं.

मी चपला घालायला उंबऱ्याशी आलो. अक्षता माझ्या उजव्या हाताला, चौकटीला टेकून उभी होती. दिसत नव्हती, पण तिचा श्वास ऐकू येत होता, रडताना येतो तसा. थोडी मान वळवली असती तर ती मला पूर्ण दिसली असती. मधलं मला अजून स्वच्छ दिसतं. पण तिने माझं तोंड बघितलं असतं, आणि मागे मामीसुद्धा होत्या. मी मान वळवली नाही. आईचा चांगला हात धरला आणि स्टँडच्या रस्त्याला लागलो.